आज मन आहे का?

उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या ऑफिसात मी पहिल्या दिवशी पोचलो तेव्हा दीदींनी माझं नाव विचारलं नाही की शिक्षण विचारलं नाही. हातात ओलं फडकं दिलं आणि खिडकीजवळचं एक टेबल दाखवलं.

"थो पूस."

मी पुसलं. फडकं काळंकुट्ट झालं. हे आपलं टेबल असणार असं समजून मी खुर्ची ओढली, तशा त्या म्हणाल्या, "तिथं नको बसू. थो मनहरणचा आहे. तुझा तिकडं."

माझ्या टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी काजळी होती. मी पुसायला गेलो तर त्यांनी फडकं काढून घेतलं. "आपला आपण नाही पुसाचा. पुसंल कोणीतरी. अन् नाहीच कोणी पुसला, तर समज का आज तुझ्याकडं कोणाचं ध्यान नाही."

कारखाना लोखंडाचा होता. तापलेल्या लोखंडाचे अँगल आणि चॅनल, म्हणजे काटकोनात वाकलेल्या आणि पन्हळीसारख्या लांब पट्ट्या, काढायचे आणि ट्रकांत भरून गावोगाव पाठवायचे. पाठवण्याचं काम आमच्या डिस्पॅचच्या ऑफिसाकडे. ऑफिस वजनकाट्याच्या वर, जिना चढून. खिडक्या कितीही घट्ट लावा, रात्रीतून सगळ्यावर काळी धूळ बसायचीच. बाकीच्या ऑफिसांत ती पुसायला माणूस होता. आमच्याकडे दीदींचा नियम होता : रोज सकाळी प्रत्येकानं दुसऱ्याचं टेबल पुसायचं. आणि ज्याच्याशी बोलणं बंद असेल त्याचं तर आपणच पुसायचं, ते दुसऱ्या कोणाला सांगता यायचं नाही. त्यामुळे आमच्या ऑफिसात कोणाचं कोणाशी बिनसलंय हे सकाळी फडकं कोणत्या टेबलावर फिरतंय त्यावरून कळायचं.

डिस्पॅच सांभाळणाऱ्या दीदी पन्नाशीच्या पुढच्या होत्या. घर जवळच, बीरगांवला. वडील रेल्वेत होते, मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळा कारखाना त्यांना दीदीच म्हणायचा. त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठे असलेले मालक, मोठे शेठही दीदी म्हणायचे. माझ्या बोलण्यातून मी मराठी आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्या मराठीत विचारायच्या, मी सवयीनं हिंदीत उत्तर द्यायचो. शहरात, तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी असंच चालायचं. आई मराठीत रागवायची आणि मी हिंदीत तोंड चालवायचो.

"मी मराठीत विचारून राहिली, तू हिंदीत काहून सांगते रे पोट्ट्या? पाहुणा आहे का मी?"

तेव्हापासून मी त्यांच्याशी अडखळत मराठी बोलू लागलो. आज मी हे मराठीत लिहितोय, त्याचं अर्धं श्रेय आईचं आणि अर्धं त्यांचं.

खरं सांगायचं तर त्या नोकरीत मी नाइलाजानं आलो होतो. पदवीनंतरची कितीतरी वर्षं स्पर्धा परीक्षांत गेली. दर निकालाच्या दिवशी बाबा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे आणि तो उलटा धरलाय हे त्यांना कळायचं नाही. शेवटी एका नातेवाइकानं उरल्यात शब्द टाकला. अधिकारी व्हायचं म्हणून अभ्यास केलेला मी ट्रकांच्या पावत्या बनवू लागलो. भनपुरी ओलांडून गाडी उरल्याकडे वळली की रोज वाटायचं, इथूनच परत फिरावं.

दीदींना ते दिसत असावं. त्या कोणालाच 'कसा आहेस' असं विचारायच्या नाहीत. जिना चढून आलेल्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आज मन आहे का?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी घाबरून म्हणालो, "आहे, आहे." मान न उचलता त्या म्हणाल्या, "खोटं नको बोलू. इथं 'नाही' म्हणाची परवानगी आहे."

परवानगी खरंच होती. मन नाही असं सांगितलं की त्या कारण विचारायच्या नाहीत. समजूतही काढायच्या नाहीत. फक्त त्या दिवसाचं काम बदलून द्यायच्या. ज्यात डोकं लागत नाही असं काहीतरी : शिक्के मारणं, जुन्या पावत्या तारखेप्रमाणे लावणं, गेटवर जाऊन ट्रकांचे नंबर बघून येणं. आणि म्हणायच्या, "मन नसलं तरी हात असते ना? हाताले पाठव समोर. मन येते मागून. नाही आलं तर संध्याकाळ त येतेच."

गंमत म्हणजे मन खरोखरच यायचं. रोज नाही, पण जेवणाच्या सुट्टीच्या आसपास पुष्कळदा. आणि नाही आलं तरी निदान ते आल्याचं नाटक करावं लागायचं नाही. नोकरीतला निम्मा थकवा त्या नाटकाचा असतो, हे मला तिथं समजलं.

ज्या दिवशी स्वतः दीदींचं मन नसायचं, त्या दिवशी त्या काळा चष्मा लावायच्या. उन्हातला, मोठ्या काचांचा, बाजारातला. तो लावून दिवसभर ऑफिसात बसायच्या, कामही करायच्या, पण बोलायच्या नाहीत. काही विचारलं तर बोटानं दाखवायच्या, नाहीतर काहीच नाही. ट्रकवाल्यांनाही हे ठाऊक होतं. जिना चढण्याआधी ते खाली काट्यावर बसणाऱ्या काकांना विचारून घ्यायचे, "काका, आज चश्मा है क्या?" काकांनी मान हलवली की भाड्याची, उशिराची, कसलीही तक्रार दुसऱ्या दिवसावर जायची. दुसऱ्या दिवशी चष्मा पर्समध्ये आणि दीदी नेहमीसारख्या. आदल्या दिवशी काय झालं होतं हे ना त्या सांगायच्या, ना कोणी विचारायचं.

आणखी एक. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर भांडायला सक्त मनाई होती. "भांडाचं असलं त समोर उभं राहून भांडा. निदान एकमेकायचं तोंड त दिसंल."

मोठ्या शेठचा मुलगा बाहेरून शिकून आला, तेव्हा आमच्या कारखान्यात पहिल्यांदा 'मोटिव्हेशन' हा शब्द आला. छोटे शेठ मनानं वाईट नव्हते, पण त्यांना घाई होती. त्यांनी एका हॉटेलच्या हॉलमध्ये सगळ्या ऑफिसवाल्यांसाठी शिबिर ठेवलं. दिल्लीहून एक तरुण प्रशिक्षक आला होता. कॉलरला माइक, पायांत पांढरे बूट. त्यानं आम्हाला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, शेजाऱ्याला मिठी मारायला लावली. रोज सकाळी उठल्याबरोबर आरशात बघून हसा, म्हणाला, आणि स्वतःला सांगा की मला माझ्या कामावर प्रेम आहे.

दीदींनी हात वर केला.

"भैया, जिस दिन मन ना हो, उस दिन का क्या?"

"मॅम, उस दिन भी मन बनाइए।"

"कैसे?"

"पॉझिटिव्ह सोचकर।"

"और सोचने का भी मन ना हो तो?"

हॉलमध्ये खसखस पिकली. प्रशिक्षक हसला, दीदींसाठी एकदा जोरदार टाळ्या म्हणाला आणि पडद्यावरच्या पुढच्या चित्राकडे वळला. दीदींनी शांतपणे पर्स उघडली, चष्मा काढला आणि लावला. आमच्या रांगेतले सगळे सावरून बसले. दुपारच्या जेवणातल्या गुलाबजामपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

पण दीदी मला खऱ्या अर्थानं कळल्या त्या ट्रकच्या प्रकरणात.

मनहरण भैया माझ्याहून वयानं बराच मोठा. माल भरून घेण्याचं काम त्याचं, कागद बनवण्याचं माझं. तो धमतरीकडच्या गावचा, बोलणं हिंदी, पण जवळच्या माणसाला 'हो' म्हणताना 'हव' म्हणायचा. मला तो कायम 'हाँ' म्हणायचा, त्यावरून काय ते समजावं. त्या आठवड्यात तर आमचं बोलणंच बंद होतं. माझ्या एका पावतीत गावाचं नाव चुकलं होतं. त्यानं तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली हसणारे चेहरे. दीदींनी तो काढायला लावला, पण सगळ्यांचा बघून झाला होता. तेव्हापासून रोज सकाळी मी त्याचं टेबल पुसत होतो आणि तो माझं, दोघंही एकमेकांकडे न बघता.

अशात एका सकाळी बिलासपूरच्या पार्टीचा फोन आला. मागवले होते अँगल, ट्रकमधून उतरले चॅनल. चॅनल जायचे होते जगदलपूरला. म्हणजे बिलासपूरचा माल या वेळी जगदलपूरच्या वाटेवर होता आणि त्या ट्रकच्या ड्रायव्हरचा फोन बंद. जगदलपूरला पुलाचं काम अडून बसलं होतं. चुकीचा माल तिथं उतरला असता तर ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं असतं.

छोटे शेठ वर आले. सगळ्यांसमोर दीदींना म्हणाले, "कागज गलत बना या लोडिंग गलत हुई? दो में से एक की गलती है। शाम तक मुझे नाम चाहिए। वो कल से नहीं आएगा।"

मी मनहरण भैयाकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. आठवड्यातली ती पहिली नजरानजर. मी मनातल्या मनात कागद पुन्हा पुन्हा तपासत होतो. मला ते बरोबर आठवत होते. पण ग्रुपवरच्या त्या फोटोनंतर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? डोळ्यांसमोर बाबा आले, उलटा पेपर धरून बसलेले.

दीदी फक्त म्हणाल्या, "शाम तक ना? ठीक है." छोटे शेठ खाली जाताच त्या आमच्याकडे वळल्या.

"जा. ट्रक पकडा."

"कोण?" मी विचारलं.

"दोघंही."

ऑफिसची जीप खाली उभी होती. मी तिच्या किल्लीकडे हात नेला, तर दीदींनी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. "एकाच मोटरसायकलवर. तुझ्या."

निघालो. शहर मागे पडलं, अभनपूर आलं, गेलं. स्पीडब्रेकर आला की मागे बसलेल्या मनहरण भैयाचा हात माझ्या खांद्यावर यायचा आणि लगेच उचलला जायचा. रस्त्यावरचा एकूण एक ट्रक आम्ही बघत होतो, ढाब्यांसमोर गाडी हळू करत होतो. कुरूदच्या अलीकडे मी पाणी प्यायला थांबलो. बाटली त्याच्यापुढे धरली. त्यानं घेतली.

"घर में बताया?" त्यानं विचारलं.

"नाही. तुम्ही?"

"नहीं बताया. लड़की की परीक्षा चल रही है." त्यानं बाटलीचं झाकण लावलं, परत उघडलं. "मेरे को लगा, तू मेरा नाम दे चुका है."

"मला वाटलं तुम्ही माझं दिलं."

"मैं काहे को दूँगा? कागज तो मैंने खुद देखा था गेट पर. सही था."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. सकाळपासून मी ज्या एका वाक्यासाठी तळमळत होतो, ते त्याच्याकडे होतं आणि आम्ही बोलत नव्हतो. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"किसको सांगता?" तोही माझ्या मराठीत शिरला. "छोटे सेठ ने पूछा किधर? नाम माँगा सीधा. कागज सही बोलता तो मेरा नाम जाता."

पुढे धमतरीच्या आधी एका ढाब्याशी आमचा ट्रक उभा दिसला. ड्रायव्हर बाजेवर गाढ झोपला होता. उशाशी लाल कागदात गुंडाळलेला प्रेशर कुकर. मनहरण भैयानं त्याला हलवून उठवलं. तो डोळे चोळत बसला, आमचे चेहरे बघून घाबरला आणि आम्ही काही विचारायच्या आधीच सगळं सांगून मोकळा झाला. मेव्हणीचं लग्न होतं, सासर जगदलपूरला. त्याची गाडी लागली होती बिलासपूरला. दुसऱ्या ड्रायव्हरला नेमकं बिलासपूरच हवं होतं. मग गेटबाहेर दोघांनी कागद बदलून घेतले.

"लोहा तो लोहा है ना भैया," तो म्हणाला. "उनको लोहा मिल जाता, मेरे को शादी."

मनहरण भैया मटकन खाली बसला. मला वाटलं त्याला चक्कर आली. पाहतो तर तो हसत होता, दोन्ही हातांनी पोट धरून, डोळ्यांतून पाणी. मग माझाही बांध फुटला. तो बिचारा ड्रायव्हर कुकर पोटाशी धरून आमच्याकडे बघत होता.

मी दीदींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पोट्टेहो, पयले जेवा. मंग ट्रक घेऊन या."

आम्ही निघाल्यावर ऑफिसात काय झालं हे काट्यावरच्या काकांनी संध्याकाळी सांगितलं. आमची मोटरसायकल गेटबाहेर पडताच दीदींनी काळा चष्मा लावला, खाली उतरल्या आणि सरळ छोट्या शेठच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्यासमोर खुर्चीत बसल्या. छोट्या शेठनी विचारलं, नाम? उत्तर नाही. त्यांनी चहा मागवला. दीदी चहा प्यायल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा काही नाही. छोटे शेठ चिडले, मग गडबडले, शेवटी त्यांनी वडिलांना फोन केला. मोठे शेठ घरून आले, काचेच्या दारातून आत डोकावले आणि मुलाला बाहेर बोलावून हळूच म्हणाले, "चश्मा लगा है। आज मत पूछ।" आणि आत न जाता आल्या पावली परत गेले.

माझा फोन दीदींनी तिथंच बसून, चष्मा उतरवून घेतला होता. बोलून झाल्यावर चष्मा पर्समध्ये टाकून म्हणाल्या, "नाम चाहिए था ना सेठ? दुल्हन का नाम पूछ के बताती हूँ।"

ड्रायव्हरला कोणी काढलं नाही, यातही त्यांचाच हात होता. शिव्या त्यानं पोटभर खाल्ल्या. बिलासपूरहून परत आलेले चॅनल त्याच्याच गाडीत भरले आणि त्यालाच जगदलपूरला पाठवलं. हळद हुकली, लग्न मिळालं.

त्या दिवसानंतर मनहरण भैया आणि मी जिवलग मित्र झालो, असं काही घडलं नाही. आम्ही पुन्हा भांडलो, अगदी महिन्याच्या आतच. पण तो मला 'हव' म्हणू लागला, आणि भनपुरीच्या वळणावरून परत फिरावंसं वाटणं कधी थांबलं ते मला कळलंही नाही.

दीदी निवृत्त झाल्या तेव्हा छोट्या शेठनी केक मागवला होता, शाल आणली होती, माइकसुद्धा भाड्यानं आणला होता. दीदी दुपारी डबा खाऊन, डबा धुऊन, पर्स उचलून निघून गेल्या. केक आम्ही कापला. भाषण छोट्या शेठनी केलं, बऱ्यापैकी केलं.

पुढे काही महिन्यांनी छोट्या शेठनी मला बोलावून सांगितलं की डिस्पॅच आता तू सांभाळ. माझी झोप उडाली. धास्ती कामाची नव्हती. मला मनातून माहीत होतं की हे काम मला आवडत नाही. इतकी वर्षं केलं, नीट केलं, पण जीव कधी जडला नाही. ज्याचा स्वतःचाच जीव त्यात नाही, त्यानं दुसऱ्यांना कशाच्या जोरावर उभं करायचं? दीदींची गोष्ट वेगळी. त्यांचं त्या कामावर प्रेम होतं, असं मी धरून चाललो होतो.

रविवारी सकाळी बीरगांवला गेलो. बरंच ऊन चढलं होतं. दार वाजवत राहिलो तेव्हा कुठं उघडलं. दीदी गाऊनमध्ये, केस मोकळे, गालावर उशीची घडी उमटलेली. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली ताजं फूल. त्या तब्येतीनं चांगल्या भरल्या होत्या. रिकाम्या घरात त्या खचल्या असतील या भीतीनं मी वाटेवर समजुतीची वाक्यं जुळवत आलो होतो. ती सगळी खिशात राहिली.

चहा झाला. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "दीदी, मला हे काम आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

"मंग? मले तरी कुठं आवडे?"

मला वाटलं त्या थट्टा करताहेत. तसं नव्हतं.

"रोज सकाळी गजर वाजला का मनात ये, का बाप्पा, हे फॅक्टरी राती उडून काहून नाही गेली."

"इतकी वर्षं?"

"पयल्या दिवसापासून. अरे, लोखंड आहे थे. लोखंडावर कोणी जीव लावते का? पगार भेटे, घर चाले, भावाचं शिक्षण झालं. अन् वरती तुम्ही येडे लोक होते. तुमचं भांडण मिटलं का दिवस बरा जाये. एवढंच." त्यांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "काम सांभाळाले थे आवडाच लागते, असं तुले कोणं सांगतलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. मीच धरून बसलो होतो, परीक्षेच्या दिवसांपासून, आणि आपल्यात काहीतरी कमी आहे असं समजून इतकी वर्षं ते लपवत आलो होतो. त्या छोट्या खोलीत, कूलरसमोर बसून, मी एक लांब श्वास सोडला. तो किती दिवस अडकला होता कोण जाणे.

"घे थे काम," दीदी म्हणाल्या. "मनहरण राग धरंल चार दिवस. त्याले धरू दे." आणि उठून त्यांनी दाराची कडी काढली. "आता जा. मले झोपाचं आहे."

"दीदी, आत्ता तर उठलात!"

"म्हणूनच त!" दार लावता लावता त्या म्हणाल्या. "नोकरीत कधी उठून परत झोपता आलं का?"

आतून कडी लागली. मी त्या गल्लीत, भर उन्हात, मोटरसायकलला टेकून एकटाच हसत उभा होतो. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणारी बाई माझ्याकडे बघत होती, आणि मग तीही हसू लागली.